‘आकडे मोबाइलवर पाठवा’ एवढ्यावर भागत नाही: डॉक्टर, दवाखाने आणि लॅबना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, मधुमेह व हृदयविकारतज्ज्ञ, दवाखान्यांचे व्यवस्थापक आणि लॅबचालक

सप्रेम नमस्कार.

“रोज बीपी बघा, शुगर बघा आणि मोबाइलवर पाठवत जा.” ओपीडीतून बाहेर पडणाऱ्या पेशंटला हे वाक्य आता सर्रास ऐकायला मिळते. औषध देताना आपण गोळीचे नाव आणि ताकद लिहिता, जेवणाआधी की नंतर ते लिहिता, किती दिवस ते लिहिता. आकडे मागताना यातले काहीच लिहिले जात नाही. कोणत्या यंत्रावर मोजायचे, कोणत्या वेळी, किती दिवस, कोणाला पाठवायचे, ते कोण वाचणार आणि कधी वाचणार, याबद्दल चिठ्ठीवर एक ओळ नसते. पेशंट घरी जाऊन इमानेइतबारे मोजतो आणि पाठवतो. मग कधी चुकीच्या आकड्यावर औषध वाढते, तर कधी बरोबर असलेला धोक्याचा आकडा कोणी उघडूनही पाहत नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही परिचर्या, आरोग्यनोंदी आणि आरोग्याच्या सॉफ्टवेअरची कामे करणारे लोक आहोत. आमची मागणी एकच आहे. आकडे मागणे हा उपचाराचाच भाग आहे, तेव्हा तो औषधासारखा लिहून द्या. आणि जेवढे वाचणार असाल तेवढेच मागा.

बीपीपासून सुरू करू. घरच्या यंत्राचा बाजारात मिळणारा नेहमीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. दंडाचा घेर ३५ असेल आणि हाच कफ ताणून बांधला, तर बीपी खऱ्यापेक्षा जास्त दिसते. टेप दवाखान्यात असतेच. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर घेर मोजायला दहा सेकंद लागतात. तो आकडा चिठ्ठीवर लिहा, म्हणजे दुकानदार त्या मापाचा कफ देईल. मनगटाचे यंत्र सोयीचे वाटते, पण मनगट हृदयाच्या पातळीवर धरले नाही तर आकडा घसरतो किंवा चढतो. हात हृदयापेक्षा १० सेंटिमीटर खाली असला की बीपी सुमारे ८ पॉइंटांनी जास्त येते. एवढ्या फरकाने एक गोळी वाढू शकते.

मोजण्याची रीत आपल्याला माहीत आहे. ती पेशंटपर्यंत पोहोचत नाही, एवढेच. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी नको. लघवीला जाऊन यायचे. पाठ टेकवून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसायचे. हात टेबलावर ठेवायचा. मोजताना बोलायचे नाही, आणि मोबाइलही हातात नको, कारण एकीकडे मोजायचे आणि दुसरीकडे ॲप उघडून बसायचे हे अगदी नेहमी घडते. एका मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजायचे. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, आणि संध्याकाळी किंवा रात्री. असे सलग सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. बीपी जास्त धरायची रेघ घरच्या सरासरीसाठी १३५/८५ आहे, दवाखान्यात १४०/९०. पुष्कळ ॲपमध्ये दोन्हीकडे एकच रेघ असते, त्यामुळे घरचे १३७/८७ हिरव्या रंगात दिसते आणि पेशंट निर्धास्त होतो.

ॲपमुळे येणाऱ्या गडबडी आणखी वेगळ्या. यंत्राचे सेल बदलले की त्याचे घड्याळ १ जानेवारीवर जाते. मग ब्लूटूथने आलेल्या नोंदी मागच्या कुठल्यातरी वर्षात जाऊन बसतात आणि आलेखात दिसतच नाहीत. आपल्याला वाटते पेशंटने आठवडाभर मोजलेच नाही. यंत्रावर ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन माणसांची बटणे असतात. घरात नवरा-बायको दोघे मोजतात, बटण कोणी बदलत नाही, आणि दोघांचे आकडे एकाच्याच नावावर जातात. शेजारच्या आजींचे एकदा मोजून दिलेले बीपीही त्यातच येते. एका माणसाच्या नोंदीत सकाळी ११८ आणि अर्ध्या तासाने १७२ दिसले, तर औषधाचा विचार करण्याआधी हे विचारा: यंत्र घरात आणखी कोण वापरते?

तारखेचेही असेच. ॲपमधून निघणाऱ्या पीडीएफमध्ये ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे ॲप कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहिते त्यावर ठरते. दुपारचे बारा आणि रात्रीचे बारा यांची उलटापालट होते. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेल्या आईवडिलांच्या फोनवर काही ॲप जुन्या नोंदीही नव्या ठिकाणच्या वेळेत दाखवतात, आणि सकाळचे उपाशीपोटीचे आकडे रात्रीचे म्हणून समोर येतात. म्हणून पीडीएफ मागताना निदान पहिल्या वेळी पेशंटला सोबत बसवून एक नोंद तपासून घ्या: “ही कालची सकाळची, बरोबर?”

साखरेच्या बाबतीत पहिला घोळ एककाचा. आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर चालते. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटर. लेकीने लंडनहून पाठवलेला ग्लुकोमीटर ७.० दाखवतो, म्हणजे आपले १२६. गुणक १८. फोनच्या सेटिंगमध्ये प्रदेश बदलला की काही ॲप आपोआप एकक बदलतात. आकड्याबरोबर एकक नसेल तर ती नोंद अपुरी समजा आणि परत मागा. अंदाजाने रूपांतर करू नका.

दुसरा घोळ भाषेचा. ‘फास्टिंग’चे मराठी ‘उपवास’ असे केले की एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन घेतलेला आकडा त्या रकान्यात जातो. शब्द ‘उपाशीपोटी’ हवा. त्याखाली एक ओळ हवी: ‘रात्रीच्या जेवणानंतर ८ तास पाण्याशिवाय काहीही नाही, चहा-बिस्किटसुद्धा नाही.’ ‘जेवणानंतर’चेही तसेच. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे असतात, पण बहुतेक लोक हात धुतल्यापासून मोजतात. जेवण पाऊण तास चालले तर तो आकडा पावणेतीन तासांचा झाला.

बोट साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आंबा कापलेल्या किंवा आमरस खाल्लेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि आकडा कितीतरी वर जातो. एप्रिल-मे महिन्यांत अचानक चढलेल्या शुगरचे हेही एक कारण असते. सॅनिटायझर लावून लगेच टोचले तर बोटावरच्या द्रवाने रक्त पातळ होते. स्ट्रिपच्या डबीचे झाकण उघडे राहिले की ओल शिरते, आणि कोकणात पावसाळ्यात ती फार लवकर शिरते. डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिहायला सांगा. उघडल्यावर किती महिने चालते ते डबीवर छापलेले असते, आणि ते छापील एक्स्पायरीपेक्षा कमी असते.

यंत्रालाही मर्यादा आहेत. घरगुती ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १०० च्या वर ९५ टक्के आकडे लॅबच्या १५ टक्के मागेपुढे, आणि १०० च्या खाली १५ पॉइंट मागेपुढे आले की यंत्र पास होते. म्हणजे १४८ आणि १६० या दोन आकड्यांत फरक असेलच असे नाही. ॲप मात्र एकाला हिरवा आणि दुसऱ्याला लाल रंग देते, आणि लाल पाहून माणूस रात्रीची भाकरी सोडतो किंवा स्वतःच इन्सुलिनचे दोन युनिट वाढवतो. रक्तक्षय असलेल्या पेशंटमध्ये, आणि आपल्याकडच्या बायकांत तो किती आहे हे आपण जाणताच, ग्लुकोमीटर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. उपाय स्वस्त आहे. लॅबमध्ये उपाशीपोटी शिरेतून रक्त काढतानाच पेशंटला स्वतःच्या यंत्रावर बोटाचे रक्त तपासायला सांगा आणि दोन्ही आकडे रिपोर्टवर शेजारी लिहा. जेवणानंतर ही तुलना नको, कारण तेव्हा बोटातले आणि शिरेतले प्रमाण मुळातच वेगळे असते. लॅबचालकांनी ही सोय मोफत ठेवावी अशी आमची विनंती आहे. त्यांचा खर्च काहीच नाही.

दंडावर चिकटवायचे, साखर सतत मोजणारे सीजीएम सेन्सर आता शहरांत बरेच दिसतात. ते रक्तातली साखर मोजत नाहीत, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतात. त्यामुळे साखर वेगाने चढत-उतरत असताना आकडा काही मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपले तर दाबामुळे खोटा कमी आकडा येतो आणि पहाटे तीन वाजता सगळे घर जागे होते. काही सेन्सरमध्ये फक्त आठ तासांची साठवण असते. तेवढ्या वेळात फोन जवळ नेला नाही तर मधल्या नोंदी कायमच्या जातात. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी सेव्हर पडद्यामागचे ॲप बंद करतो आणि धोक्याचा गजर वाजतच नाही. सेन्सर लावून देणाऱ्या नर्सने त्याच वेळी त्या ॲपसाठी बॅटरीचे बंधन काढून द्यावे, गजर एकदा वाजवून दाखवावा आणि मगच पेशंटला पाठवावे.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल आणि अंगठीबद्दल थोडक्यात. बोट न टोचता रक्तातील साखर सांगतो असा दावा करणाऱ्या घड्याळ-अंगठ्या वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी दिला. असे एकही उपकरण त्यांनी मंजूर केलेले नव्हते. आपल्याकडे ही घड्याळे हजार-दोन हजारांत ऑनलाइन मिळतात आणि वडिलांना वाढदिवसाला भेट म्हणून दिली जातात. त्यातले आकडे केसपेपरवर उतरवू नका. बीपी दाखवणारी जी बरी घड्याळे आहेत, त्यांनाही दर काही आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावे लागते. पल्स ऑक्सिमीटरला नेलपॉलिश, मेंदी आणि गार पडलेली बोटे चालत नाहीत.

आता पाठवण्याकडे येऊ. जाहिराती ॲपच्या असल्या तरी खरी देवाणघेवाण व्हॉट्सॲपवर होते. त्याला आमचा विरोध नाही, पण ज्या पद्धतीने ती चालते तिला आहे. बहुतेक दवाखान्यांत आकडे रिसेप्शनवरच्या व्यक्तीच्या खासगी फोनवर येतात. तिने नोकरी सोडली की दोन वर्षांचे रिपोर्ट तिच्याबरोबर जातात. फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, तिथून क्लाउडच्या बॅकअपमध्ये जातात, आणि घरातली मुले तो फोन खेळायला घेतात. पेशंटचा एचआयव्हीचा रिपोर्ट असा कुठेकुठे फिरतो, याची त्याला कल्पनाही नसते.

करायचे ते एवढेच: दवाखान्याच्या मालकीचा फोन, दवाखान्याच्या नावावरचे सिम. व्हॉट्सॲपमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद आणि चॅटचा क्लाउड बॅकअप बंद. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन डॉक्टरांकडे. दर सोमवारी ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहायचे, कोणाचा तरी घरचा लॅपटॉप जोडलेला राहिला आहे का. आलेले आकडे त्याच दिवशी पेशंटच्या फायलीत उतरवायचे, आणि उतरवल्यावर चॅटमधून काढायचे. क्रम असाच ठेवा. आपोआप नाहीसे होणारे मेसेज आधी सुरू केले आणि उतरवायचे राहिले, तर नोंदच गेली. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवर किंवा चॅटवर दिलेल्या सल्ल्याच्या नोंदी ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते.

पेशंटचे गट करण्याची टूम आहे, ‘मधुमेह मित्र’ वगैरे नावांची. आहाराची माहिती द्यायला गट ठीक आहे. पण त्यात एकाने शुगर टाकली की दुसरा टाकतो, आणि शंभर-दीडशे अनोळखी माणसांना एकमेकांचे नंबर, नावे आणि आजार कळतात. गट हवाच असेल तर फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा ठेवा; तरी नंबर दिसतातच. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. ती ज्यांनी दवाखान्याचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचते, म्हणून पहिल्या भेटीतच काउंटरवर नंबर जतन करून घ्यावा.

लॅबकडून जाणारे एसएमएस आणि लिंक ही वेगळी डोकेदुखी. एका घरात एकच नंबर सगळ्यांच्या केसपेपरवर असतो, बहुधा नवऱ्याचा किंवा मुलाचा. ‘आपला गर्भधारणा चाचणीचा रिपोर्ट तयार आहे’ हा मेसेज कोणाच्या हातात पडेल, याचा विचार करा. मेसेजमध्ये तपासणीचे नाव नको, ‘आपला रिपोर्ट तयार आहे’ पुरे. पीडीएफच्या फाइलला पेशंटचे नाव आणि तपासणी असे नाव देऊ नका. पासवर्ड म्हणून मोबाइलचे शेवटचे चार आकडे ठेवणे म्हणजे कुलपाची किल्ली दाराला लटकवणे, कारण मेसेज त्याच मोबाइलवर आलेला असतो. गर्भपाताबाबत वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने, एचआयव्हीबाबत २०१७ च्या कायद्याने आणि मानसिक आजाराबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गुप्ततेचे बंधन घातले आहे. काउंटरवर एक प्रश्न वाढवा: “रिपोर्टचा मेसेज कोणत्या नंबरवर पाठवू, की कागदच घ्याल?” बाईने “कागदच द्या” म्हटले तर कारण विचारू नका.

पेशंटला एखादे ॲप सुचवताना आपण त्याच्या आकड्यांची वाट ठरवून देत असता, हेही लक्षात घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपशी तडजोड केली. खासगी राहील असे सांगून वापरकर्त्यांची माहिती फेसबुक आणि गूगलसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण सेवांना दिली, असा आरोप होता. २०२३ मध्ये औषधांच्या सवलतीचे गुडआरएक्स हे ॲप तशाच आरोपावरून १५ लाख डॉलर दंड भरायला तयार झाले. दोन्ही ठिकाणी कोणी कुलूप फोडले नव्हते. ॲपमध्ये बसवलेल्या जाहिरात व मोजणीच्या कोडमधून माहिती बाहेर जात होती. म्हणून सुचवण्याआधी ॲप स्वतःच्या फोनवर घाला आणि परवानग्या पाहा. बीपी लिहायच्या ॲपला संपर्कयादी कशाला हवी? ठिकाण कशाला हवे? परवानगी नाकारून पाहा. ॲप तरीही चालले पाहिजे. नोंदी पीडीएफ किंवा तक्त्याच्या रूपात बाहेर काढता येतात का, खाते पूर्ण पुसता येते का, तेही पाहा. नुसते ॲप काढून टाकल्याने खाते पुसले जात नाही, हे पेशंटला सांगावे लागते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातच याचे उदाहरण दिले आहे. टेलिमेडिसिनच्या ॲपने सल्ल्यासाठी आणि संपर्कयादीसाठी एकत्र संमती घेतली, तरी संपर्कयादी त्या सेवेला लागत नसल्यामुळे संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरली जाईल. म्हणजे फॉर्मवर सही घेतली की सगळे मिळाले, असे आता राहिलेले नाही. संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे, आणि मराठी त्यात आहेच. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ही मुदत तयारीसाठी आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला आत्ताच विचारा की मराठी संमतिपत्र कुठे आहे. त्याने यंत्राने केलेले भाषांतर दिले तर परत पाठवा. इंग्रजीतले ॲप माणसांवर लादले की काय होते, ते २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी खात्याचे मोबाइल परत केले तेव्हा सगळ्यांनी पाहिले. निकृष्ट फोनबरोबरच पोषण ट्रॅकर या ॲपची इंग्रजी हीदेखील त्यांची तक्रार होती.

शेवटी आभा, म्हणजे केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य योजनेतले पेशंटचे आरोग्य-खाते. १५ ऑगस्ट २०२० ला योजनेची घोषणा झाली, २७ सप्टेंबर २०२१ पासून योजना देशभर सुरू आहे, आणि आता मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत क्यूआर कोड लावलेला दिसतो. तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता काउंटरवर पोहोचतात आणि टोकन मिळते. रांग वाचते, हे चांगलेच आहे. पण आभाचा १४ अंकी नंबर म्हणजे रिपोर्ट ठेवायचे कपाट, असा समज पेशंटचा असतो आणि बऱ्याच कर्मचाऱ्यांचाही. रिपोर्ट जिथे तयार झाला त्या लॅबकडे किंवा रुग्णालयाकडेच राहतो. आभा त्याला दुवा जोडते, आणि पेशंटच्या संमतीने तो दुसऱ्या डॉक्टरला दिसतो. लॅबने तिचा सर्व्हर नीट ठेवला नाही तर आभामध्ये दुवा दिसेल, पण रिपोर्ट उघडणार नाही.

ही संमती मागताना चार गोष्टी भरायच्या असतात: कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कोणत्या काळातल्या, आणि कधीपर्यंत. सॉफ्टवेअर सगळ्या खुणा आधीच भरून ठेवते आणि कर्मचारी तसेच पाठवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी सहा महिन्यांच्या शुगर आणि बीपीच्या नोंदी लागतात; त्यासाठी दहा वर्षांची सगळी डिस्चार्ज कार्डे, त्यातले मानसोपचाराचे कार्डही, कशाला मागायचे? शिवाय संमती पेशंटने स्वतः स्वतःच्या ॲपवर द्यायची असते. काउंटरवरून “ओटीपी सांगा” म्हणून तो टाइप करून घेणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर अंगठा घेण्यासारखे आहे. आणि आभा ऐच्छिक आहे. ती नाही म्हणून केसपेपर काढायला नकार देऊ नका.

दुवे चुकतात कसे, तेही पाहा. पेशंटच्या नोंदी शोधताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल यांवरून जुळणी होते. आपण केसपेपरवर जन्मवर्ष लिहीत नाही, ‘वय ५५’ लिहितो, तेही अंदाजे. आधारवर माहेरचे नाव, केसपेपरवर सासरचे. आधारवर नाव आधी, लॅबमध्ये आडनाव आधी. शिंदेंची इंग्रजी स्पेलिंग दोन, चौधरींची चार. वर एकाच नंबरवर घरातली पाच माणसे. मग सासूचा रिपोर्ट सुनेला जोडला जातो. यावर उपाय नोंदणीच्या खिडकीवरच आहे: वय न विचारता जन्मवर्ष विचारा, पेशंटने कार्ड दाखवले तर त्यावरचे नाव अक्षर न बदलता उतरवा, जुळलेले नाव पेशंटला मोठ्याने नव्हे तर पडदा त्याच्याकडे वळवून दाखवा, आणि मगच दुवा जोडा. जोडताना भेटीला जे नाव दिले जाते ते संमतीच्या आधीच दिसू शकते. तिथे ‘ओपीडी भेट’ आणि तारीख एवढेच लिहा. विभागाचे नाव लिहू नका.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, किंवा डोळ्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी शंभर पानी वही ॲपइतकीच चांगली. वहीत चार रकाने: तारीख, वेळ, आकडा, आणि शेरा (उपाशीपोटी, गोळी चुकली, ताप होता). वहीतल्या आकड्यांना कमी प्रतीचे मानू नका.

चिठ्ठीवर काय लिहावे याचा आमचा मसुदा हा. आपल्या सोयीने बदला, पण यातला कोणताही भाग गाळू नका:

‘बीपी: दंडाचे यंत्र, मोठा कफ, डावा हात. सकाळी गोळीआधी २ वेळा, रात्री झोपण्याआधी २ वेळा, मध्ये १ मिनिट. सोमवार ते रविवार, ७ दिवस. सगळे आकडे लिहा, जास्त आलेलेही. रविवारी रात्री दवाखान्याच्या नंबरवर एकत्र पाठवा. आम्ही मंगळवारी दुपारपर्यंत पाहून कळवू. तोवर औषध बदलू नका. त्यानंतर पुन्हा सांगेपर्यंत पाठवायचे नाही. वरचा आकडा १८० च्या वर किंवा खालचा १२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणे, धाप, बोलताना अडखळणे, हातपाय लुळा पडणे यांपैकी काही असेल, तर मेसेज करू नका. १०८ ला फोन करा.’

शुगरसाठी शेवटची ओळ वेगळी: ‘७० च्या खाली आल्यास आणि शुद्ध असल्यास लगेच ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ५४ च्या खाली आल्यास घरातल्या माणसाला जवळ बसवा आणि दवाखान्यात फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.’

मंगळवार लिहिला की मंगळवारी कोणीतरी वाचायला बसले पाहिजे. ते जमणार नसेल तर आकडे मागवू नका. पुढच्या भेटीला वही घेऊन या, असे सांगा. रात्री दोन वाजता शुगरचा ४८ हा आकडा पाठवून माणूस दोन निळ्या खुणांची वाट पाहत बसतो. डॉक्टरांना पाठवला आहे, म्हणजे कोणीतरी पाहते आहे, असे त्याला वाटत असते.

आणि प्रत्येक भेटीत विचारा, नंबर तोच आहे ना? बंद झालेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. जुना नंबर केसपेपरवर तसाच राहिला, तर पुढचा रिपोर्ट अनोळखी माणसाच्या फोनवर जाईल.

आपले,
परिचर्या, आरोग्यनोंदी आणि आरोग्य-सॉफ्टवेअरच्या कामांतले आपले सहकारी